डोंगर वादळाचं काय करतो?

ताडकळसला येऊन वादळावर काय बोलणार, असं आम्हाला येताना गाडीत विचारलं गेलं. समुद्र इथून दोन्ही बाजूंना शेकडो किलोमीटर लांब. पण २०२१ च्या सप्टेंबरची २७ आणि २८ तारीख आठवा. कुठं सोयाबीनच्या सुड्या लागलेल्या, कुठं काढणी बाकी, आणि वरून पाऊस थांबेना. तिकडं मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले. तो पाऊस ‘गुलाब’ चक्रीवादळाचा. २६ तारखेला ते आंध्रात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर चढलं आणि दुसऱ्या दिवशी कमजोर झाल्याचं जाहीरही झालं. मग आपल्याकडं आलं ते काय होतं?

आम्ही तत्त्वज्ञान शिकवणारी माणसं, हवामानाची नव्हे. पण ‘कमजोर झालं’ म्हणजे नेमकं काय कमी झालं, हे विचारणं आमच्याच धंद्यात बसतं.

चक्रीवादळ जगतं ते समुद्राच्या ऊबदार पाण्याच्या वाफेवर. त्याची उंची दहा-पंधरा किलोमीटर, आणि आपलं कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे हत्तीपुढं पायरी. तरीही डोंगर भारी पडतो, कारण वादळ वाफ ओढून घेतं ते जमिनीलगतच्या एक-दीड किलोमीटरच्या थरातून. डोंगर नेमका तिथंच आडवा येतो. खालचा भोवरा अडखळतो, घासतो, मोडतो. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं. श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या. पण घाट चढून पुण्याच्या बाजूला आल्यावर संध्याकाळपर्यंत त्याचा जोर बराच ओसरला होता.

मार्गाचं गणित वेगळं. वादळ स्वतःच्या मर्जीनं फारसं चालत नाही. नदीच्या धारेत भोवरा वाहत जावा, तसं ते वरच्या मोठ्या वाऱ्यांबरोबर जातं. डोंगर फारच उंच असेल तरच वाट वळते. तैवानची मधली रांग जवळपास चार हजार मीटरपर्यंत चढते. तिथं येणारी वादळं किनाऱ्याजवळ वळतात, क्वचित गिरकीही घेतात. कधी वरचा भाग डोंगर ओलांडतो, खालचं केंद्र अलीकडंच विरतं आणि पलीकडच्या उतारावर नवं केंद्र तयार होतं.

पण हाच डोंगर पाऊस वाढवतो, हे विसरू नका. दमट हवा चढाला लागली की थंड होते आणि पाणी टाकते. ऑगस्ट २००९ मध्ये ‘मोराकोट’ वादळात तैवानच्या अलीशान भागात काही दिवसांत अडीच मीटरपेक्षा जास्त पाऊस पडला. परभणीत दोन वर्षांचा मिळूनही तेवढा होत नाही. डोंगरकडा कोसळून एक गाव गाडलं गेलं.

आता आपली बाजू बघा. सह्याद्री सलग भिंतीसारखा आहे. पूर्व घाट तुटक; नद्यांनी तो ठिकठिकाणी कापलेला. आपलीच गोदावरी पापिकोंडाच्या टेकड्यांतून वाट काढत बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणजे आपल्याला पूर्वेकडून आडोसा कमी. त्यात सप्टेंबरात जमीन भिजलेली, हवा दमट. कमजोर झालेल्या वादळालाही शिदोरी मिळत राहते. वारा गेला, पाणी राहिलं. शेतकऱ्याचं नुकसान बहुतेक वेळा या उरलेल्या पाण्यानंच होतं, आणि आपण मात्र ‘वादळ संपलं’ ऐकून सुडी तशीच उघडी ठेवतो.

पुढची गोष्ट तर आमच्या वर्गात शोभावी अशी. गुलाबचा उरलासुरला कमी दाबाचा पट्टा दक्षिण गुजरातकडून, जिथं तापीच्या खोऱ्याशी सह्याद्री संपतो त्या अंगानं, अरबी समुद्रावर उतरला. ऊबदार पाणी मिळताच पुन्हा वादळ झालं आणि नाव मिळालं ‘शाहीन’. एकच वादळ की दोन? मिलिंदप्रश्नात नागसेन राजाला विचारतो, रात्रभर जळणारी दिव्याची ज्योत पहिल्या प्रहरी आणि शेवटच्या प्रहरी तीच असते का? तीही नाही आणि वेगळीही नाही. नाव ठेवणाऱ्यांनी दुसरं नाव ठेवलं, ते त्यांच्या नियमाप्रमाणं बरोबरच.

३ ऑक्टोबरला शाहीन ओमानच्या किनाऱ्यावर गेलं. तिथं किनाऱ्यामागं लगेच हजर पर्वत उभा. वारा लवकर पडला. पण कोरड्या ओढ्यांना पूर आले आणि अल खाबूरात साडेतीनशे मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला.

तेव्हा पुढच्या सप्टेंबरात कमजोर झाल्याची बातमी आली, तर वाऱ्याचा आकडा सोडा. पाऊस किती सांगितलाय तेवढं विचारा, आणि सुडीवर ताडपत्री टाका.