बाळंतपणाची फाइल जपून ठेवा

बाळ सुखरूप घरी आलं की आईच्या वाढलेल्या रक्तदाबाची गोष्ट मागे पडते. आठव्या महिन्यातली अंगावरची सूज, लघवीतून जाणारी प्रथिनं, घाईने करावं लागलेलं सिझेरियन, सगळं बारशाच्या गडबडीत विसरलं जातं आणि फाइल माळ्यावर जाते. पंचविशीतल्या या त्रासाचा पन्नाशीतल्या हृदयाशी संबंध असतो, हे फार थोड्या घरांत माहीत असतं.

गरोदरपणात हा त्रास, म्हणजे प्रीएक्लॅम्पसिया, झालेल्या स्त्रीला पुढे हृदयविकार किंवा पक्षाघात होण्याचा धोका साधारण दुप्पट असतो. गरोदरपणातला मधुमेह बाळंतपणानंतर बहुधा ओसरतो; पण काही वर्षांनी तो कायमचा मुक्कामाला येऊ शकतो. मग पाळी गेली की, ती सुरू असेपर्यंत बाईच्या हृदयाला मिळणारं संरक्षणही बरंचसं संपतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2011 मध्येच गरोदरपणातल्या या गुंतागुंतींना हृदयविकाराच्या जोखमींत स्थान दिलं. तरी छातीच्या तक्रारीसाठी आलेल्या बाईला बाळंतपणाबद्दल विचारलं जाईलच, याची खात्री नाही. तिनेच सांगायला हवं. पाळी कधी गेली, पिशवी काढली का, सोबत अंडाशयंही काढली का, हेसुद्धा. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळात गाजला. अशा शस्त्रक्रियेत कमी वयात अंडाशयंही काढली गेली, तर त्याची किंमत हृदयालाही मोजावी लागते. आणि मिश्री! रोज सकाळी दातांना लावली जाणारी ही जळकी तंबाखू व्यसनात धरलीच जात नाही. ती तंबाखूच आहे, आणि डॉक्टरांपासून लपवू नये.

प्रत्यक्ष झटका आला की बायकांनाही बहुतेकदा छातीतच दुखतं किंवा दडपल्यासारखं होतं. मात्र सोबत जबडा, मान, पाठ दुखणं, दम लागणं, मळमळ, दरदरून घाम, कधी न जाणवलेला थकवा ही लक्षणं पुरुषांपेक्षा अधिक आढळतात. ‘पित्त झालंय’ म्हणून त्या सोडा पितात, पोळ्या उरकतात, मुलगा कामावरून येईपर्यंत थांबतात. हा उशीर जीवघेणा ठरतो. अशा वेळी 108 ला फोन करावा. पहिला ईसीजी चांगला आला म्हणून घरी परतू नये. ट्रोपोनिनची रक्ततपासणी काही तासांनी पुन्हा करावी लागू शकते.

अँजिओग्राफीत मोठ्या रक्तवाहिन्या मोकळ्या दिसल्या, तरी दुखणं खोटं ठरत नाही. हृदयातल्या अतिसूक्ष्म रक्तवाहिन्या नीट काम करत नसतील तर ते या तपासणीत दिसत नाही, आणि हा प्रकार बायकांत जास्त असतो. ‘टेन्शन घेऊ नका’ एवढ्यावर बोळवण झाली, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्यावं.

उपचारांनंतरचे महिनेही तितकेच मोलाचे. अँजिओप्लास्टी झालेला पुरुष घरी विश्रांती घेतो. बाई आठवड्याभरात ओट्यापाशी उभी दिसते. तिचं चालणं, तिची फेरतपासणी, तिच्या गोळ्यांचा खर्च घराने आपला मानायला हवा. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या बरं वाटतंय म्हणून परस्पर बंद केल्या, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. मूल हवं असेल तर आधी हृदयाच्या डॉक्टरांशी बोलावं; काही औषधं गरोदरपणासाठी बदलावी लागतात.