रुप्याचे दफ्तर

औंढा नागनाथाच्या देवालयाच्या कोरीव दगडावर चैत्रातले ऊन पडते तेव्हा हिंगोली जिल्ह्याच्या या मुलखात छायाचित्रकाराचा कस लागतो. मूर्तींच्या बगलेत काळोख आणि खांद्यावर डोळे दिपवणारे तेज, हे दोन्ही एकाच चौकटीत बसवायचे असते. डिजिटल कॅमेरा आपल्या मर्यादेपलीकडचे तेज पांढऱ्या डागात बुजवून टाकतो, तर निगेटिव्ह फिल्म ते क्रमाक्रमाने आत घेत दगडाचा पोत बराचसा शाबूत ठेवते. शिवाय जिलेटिनच्या थरातील रुप्याच्या क्षाराचे कण प्रत्येक चौकटीत निराळ्या जागी विखुरलेले असल्यामुळे, स्थिर भिंतीलाही पडद्यावर सूक्ष्म स्पंदन लाभते.

तथापि फिल्मचे खरे आकर्षण, माझ्या मते, या सौंदर्याहून अधिक तिच्या टंचाईत आहे. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले, तेव्हा कच्ची फिल्म कडेच्या छिद्रांवाचून मिळे. ती छिद्रे दादरच्या घरी रात्री अंधारात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई पाडीत, आणि दिवसा चित्रित झालेला भाग धुण्याच्या कामीही त्यांचा हात असे. जिच्या प्रत्येक फुटामागे घरच्या माणसाचे जागरण आहे, ती फिल्म कोण उधळील? ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘राजा हरिश्चंद्र’मागे हा हिशेब होता. आजही पस्तीस मिलिमीटरचे हजार फुटी रीळ, सेकंदाला २४ चौकटी या गतीने, अवघ्या ११ मिनिटांत संपते; म्हणून कॅमेरा सुरू होण्यापूर्वीच नट, दिग्दर्शक आणि छायालेखक यांना आपले मन पक्के करावे लागते.

डिजिटलने गरिबाच्या हाती कॅमेरा दिला, हा उपकार मी मानतो. परंतु कोडॅकने २०१२ साली दिवाळखोरीचा अर्ज केला आणि फुजीने पुढच्याच वर्षी चित्रपटांची फिल्म बनवणे बंद केले, तरी फिल्म संपली नाही. उलट २०२३ च्या ‘ओपेनहायमर’साठी कोडॅकने ६५ मिलिमीटरची कृष्णधवल फिल्म मुद्दाम तयार केली.

आपल्याकडे मात्र जे होते तेही जतन झाले नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत ज्वालाग्राही नायट्रेट फिल्मचा मोठा साठा, त्यात प्रभात फिल्म कंपनीचाही ऐवज, भस्मसात झाला. त्याखेरीज कित्येक जुन्या प्रती रुपे काढण्यासाठी भंगारात वितळवल्या गेल्या, हे नुकसान तर कोणत्याच दप्तरी नोंदलेले नाही.

मराठवाड्याच्या जत्रांतून तंबूतले सिनेमे दाखवणाऱ्यांच्या आणि बंद पडलेल्या चित्रपटगृहांच्या मालकांच्या घरी अजून एखादे रीळ पडलेले असू शकते. वसमत, कळमनुरी, सेनगाव, हिंगोली, औंढा, कोठेही असे रीळ आढळल्यास ते उन्हात ठेवू नये, ओढून उलगडू नये, भंगारवाल्यास तर देऊच नये. १९६४ पासून चित्रपट जतन करण्याचे काम करणाऱ्या पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयास कळवावे, ही वाचकांना विनंती.