मोटारीचा पत्रा आणि वायूचे कवच

बंगळूरु शहराचे धातूच्या पत्र्याशी असलेले नाते जुने आहे. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी 1940 मध्ये येथे विमानांचा कारखाना काढला. पुढे त्याच कारखान्यात रेल्वेचे डबेही तयार झाले. आज कलासिपाळ्य आणि जे. सी. रोड या भागांत मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने दाटीने उभी आहेत, आणि शहरभर विखुरलेल्या गॅरेजांतून गंजलेला पत्रा कापून नवा तुकडा जोडण्याचे काम चालते. हा सांधा जोडताना वायूचे सिलिंडर वापरावे, की वायूवाचून चालणारी तार, हा प्रश्न कारागिरापुढे नेहमी येतो.

त्यासाठी वायूचे प्रयोजन प्रथम समजून घेतले पाहिजे. विजेच्या प्रज्योतीने पोलाद वितळते, तेव्हा हवेतील ऑक्सिजन व नायट्रोजन त्या रसात शिरतात आणि सांधा सच्छिद्र व ठिसूळ होतो. म्हणून रसाभोवती संरक्षक कवच असावे लागते. गॅरेजमध्ये जिला ‘मिग’ म्हणतात, त्या पद्धतीत भरीव तारेबरोबर आर्गॉन व कार्बन डाय-ऑक्साइड यांचे मिश्रण सोडतात. दुसऱ्या पद्धतीतील तार पोकळ असून तिच्या गाभ्यात अभिवाहाची भुकटी भरलेली असते. उष्णतेने भुकटीतून वायू निघतो आणि सांध्यावर धातुमळीचा थर जमतो. म्हणजे ‘गॅसविरहित’ हे नाव तितकेसे खरे नाही. वायू येथेही असतो, फक्त तो तारेच्या पोटातून येतो.

निवडीचा पहिला निकष पत्र्याची जाडी हा होय. मोटारीच्या बाह्यांगाचा पत्रा बहुधा 0.7 ते 0.8 मिलिमीटर जाडीचा असतो. 0.6 मिलिमीटरची भरीव तार थोड्या विद्युत्‌प्रवाहावर शांतपणे वितळते. भुकटीच्या तारेची प्रज्योत अधिक उग्र असते. तिने पातळ पत्र्याला चटकन भोक पडते आणि ठिणग्याही फार उडतात. शिवाय मळी खरवडून काढावी लागते. ती रंगाखाली राहिली, तर रंग सुटतो आणि तेथूनच पुन्हा गंज धरतो. म्हणून दरवाजा, मडगार्ड यांसारख्या भागांसाठी वायूची पद्धतच श्रेयस्कर ठरते. मात्र कोणत्याही पद्धतीत सलग सांधा ओढू नये. अंतराअंतराने टाके घालून प्रत्येक टाका निवू द्यावा. अन्यथा पत्रा वाकतो.

दुसरा निकष वाऱ्याचा. बंगळूरुत जून-जुलैमध्ये पश्चिमेचे वारे जोराने वाहतात, आणि पुष्कळशी गॅरेजे समोरून उघडी असतात. अशा ठिकाणी सिलिंडरमधील वायूचे कवच उडून जाते व सांध्यात बारीक छिद्रे राहतात. उघड्यावर मालमोटारीच्या फाळक्याची जाड बिजागरी जोडायची असेल, तर भुकटीची तार उपयोगी पडते. पातळ पत्र्याच्या कामासाठी मात्र आडोसा करावा. परंतु खोली बंद करू नये. पत्र्यावरील जस्ताचा मुलामा 907 अंश सेल्सियसला, म्हणजे पोलाद वितळण्याच्या कितीतरी आधी, उकळतो आणि त्याच्या धुराने ताप भरतो. म्हणून सांध्यालगतचा मुलामा आधी घासून काढावा आणि हवा खेळती ठेवावी.

तार बदलताना यंत्राची ध्रुवताही पाहावी. भरीव तार धन अग्राला जोडतात; भुकटीची तार बहुधा ऋण अग्राला. हा बदल राहून गेला, तर चांगल्या तारेचाही सांधा कच्चा होतो.

शेवटी, सांधा रंगाखाली गेला की गाडीच्या मालकाला तो दिसत नाही. चौकटीचे खांब व दरवाजाखालची तुळई हे भाग अपघातात प्रवाशांचे रक्षण करतात. त्यांतील काही अतिबलवान पोलादाचे असून अधिक उष्णतेने त्यांचे बळ घटते. तेथे वाहननिर्मात्याच्या सूचनांपलीकडे जाऊ नये. इतर ठिकाणी त्याच जाडीच्या दोन टाकाऊ तुकड्यांचा सांधा करून तो वाकवून पाहावा. सांधा उकलण्यापूर्वी पत्राच फाटला, तरच त्या यंत्राने गाडीला हात लावावा.