हरवलेला हातोडा आणि माझ्या पाटल्या

माझ्या हातातल्या पाटल्या चांगल्या जाड आहेत. लग्नकार्यात कुणी ना कुणी हात धरून विचारतंच, "जुन्या दिसतात हो, कुठल्या?" गेली तीस वर्षं माझं उत्तर ठरलेलं, "सासूबाईंच्या." ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. पुरतं खरं सांगायची बुद्धी मला झाली ती थेट लंडनमध्ये. तीही एका हातोड्यामुळे!

लेक-जावई तिकडे असतात. गेल्या उन्हाळ्यात महिनाभर त्यांच्याकडे होते. एके दिवशी लेक म्हणाली, "आई, चल, ब्रिटिश म्युझियम बघू. तिकीट नाहीये." तिकीट नाही म्हटल्यावर मी आधी तयार!

रोमन काळातल्या ब्रिटनच्या दालनात एका काचेच्या कपाटापाशी माझे पाय थबकले. आत वीतभरही नसलेली चांदीची एक बाई. केसांची ऐटदार रचना, कानात डूल, हातात कसलीशी गुंडाळी.

"ही कुठली देवी गं?"

"देवी कसली, मिरपुडीची डबी आहे ती!"

तळाशी फिरणारी चकती. एका खुणेवर आणली की डबी भरायची, दुसरीवर पूड भुरभुरवायची, तिसरीवर बंद. तेव्हा रोमन लोकांकडे मिरी जायची ती आपल्या मलबार किनाऱ्यावरून, जहाजानं. म्हणजे सोळाशे वर्षांपूर्वी त्या परक्या मुलखात कुणी बाई आपल्याकडची मिरी जेवणावर भुरभुरवत होती. मला तर माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

ही डबी सापडली कशी, ते लेकीनं सांगितलं. इंग्लंडमधल्या सफोक परगण्यात हॉक्सन नावाचं खेडं आहे. तिथल्या एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. त्याचा मित्र एरिक लॉज हा माळीकामातून निवृत्त झालेला. निवृत्तीच्या वेळी त्याला मेटल डिटेक्टर भेट मिळाला होता. विमानतळावर आपल्या अंगावरून फिरवतात ना, तसलंच यंत्र, फक्त लांब दांड्याचं. जमिनीखाली धातू असला की वाजतं. १६ नोव्हेंबर १९९२ रोजी तो मित्राचा हातोडा शोधायला शेतात गेला. यंत्र वाजलं. खणलं तर चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने, नाणीच नाणी!

खरी गोष्ट इथून पुढे आहे. थोडं वर काढल्यावर लॉज थांबला. बाकीचं मातीत तसंच ठेवून त्यानं कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वाच्या माणसांनी अलगद खणलं, म्हणून तर कळलं की हे सगळं एका लाकडी पेटीत नीट लावून ठेवलेलं होतं. लाकूड कुजून गेलं होतं, पण कुठली वस्तू कशाशेजारी होती ते दिसत होतं. नाण्यांवरून पुरल्याचा काळही लागला, पाचव्या शतकाची सुरुवात. रोमन सत्ता तिथून पाय काढत होती. कुणा श्रीमंत घरानं "पुढे येऊन काढू" म्हणून पुरलं असेल. ते कधी आलेच नाहीत.

सुमारे पंधरा हजार नाणी होती, त्यातली पाचशेहून जास्त सोन्याची. शिवाय सोन्याच्या १९ बांगड्या. एका बांगडीत अक्षरं जाळीसारखी कोरलेली आहेत. अर्थ असा, की ज्युलियानाबाई, ही सुखानं वापरा. सरकारनं साडेसतरा लाख पौंड दिले. लॉजनं ते त्या शेतकऱ्यालाही वाटून दिले. आणि हातोडा? तोही सापडला! आज तोसुद्धा म्युझियमच्या संग्रहात आहे.

लेक हसत होती. मी मात्र बाकावर बसले. हातातल्या पाटल्या एकदम जड वाटायला लागल्या.

सासूबाईंनी त्या मला दिल्या तेव्हा कानात सांगितलं होतं. माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी, परसात संडासाचा खड्डा खणताना मजुरीवर आलेल्या एका बाईच्या कुदळीला तांब्याचा गडू लागला. आत सोन्याची नाणी. "बारीक अक्षरं होती गं. मोडी नव्हे, उर्दूही नव्हे. कुणालाच लागली नाहीत." सासऱ्यांनी ती रातोरात परगावच्या सोनाराकडे नेऊन आटवली. त्या बाईला एक लुगडं आणि अकरा रुपये दिले. वर कुठे बोलायचं नाही म्हणून शपथ घातली.

हे मी लेकीला पहिल्यांदाच सांगितलं. तिनं एकच विचारलं, "आई, त्या बाईचं नाव काय होतं?"

मला सांगता येईना.

सोळाशे वर्षांपूर्वीच्या ज्युलियानाचं नाव कळतं. हातोडा शोधणाऱ्या माळ्याचं नाव जगाला ठाऊक आहे. आमच्या नाण्यांवर कुणाचं नाव होतं ते मुशीत गेलं, आणि ती शोधणारीचं नाव आम्ही विचारलंच नाही.

परत आल्यावर मी कायदा समजून घेतला. १८७८ सालचा कायदा आहे आपल्याकडे. जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचं गुप्तधन सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. त्यावर कुणाचा हक्क ठरला नाही आणि सरकारनं ते स्वतःकडे घेतलं नाही, तर जमीनमालकाला पाव हिस्सा आणि ज्याला सापडलं त्याला पाऊण! काही वेगळं ठरलेलं नसेल तर. 'पाऊण' हा शब्द मी दोनदा वाचला.

मैत्रिणींनो, आपल्याकडे तर जमिनीत काय काय आहे! नगर जिल्ह्यात दायमाबादला १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला मुळं खणताना काशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. चारही मिळून साठ किलोहून जास्त वजनाचे, हडप्पा संस्कृतीच्या अखेरच्या काळातले. ते भंगारात गेले असते तर? म्हणून सांगते, घराचा पाया खणताना, विहीर उपसताना असं काही हाती लागलं तर घासूनपुसून चकचकीत करू नका, आटवू तर मुळीच नका. हात थांबवा आणि तहसील कचेरीत कळवा. कुणाला सापडलं, त्याचं नाव तेवढं आधी लिहून ठेवा.

आमच्या जुन्या शेजारणीला मी त्या बाईबद्दल विचारलं. तिला एवढंच आठवतं, की परसातल्या कडुलिंबाला तान्ह्याची झोळी बांधून ती बाई खणत होती. नाव तिलाही आठवेना. ते पोर आज साठीच्या घरात असेल. मी शोधते आहे.

परवा एका मुंजीत पुन्हा कुणीतरी हात धरला, "पाटल्या कुठल्या हो?"

म्हटलं, "आमच्या परसात एका बाईला सापडलेल्या सोन्याच्या. बसा, सांगते."