मानद अध्यक्षाचा मंगळवार

सकाळी ६. फोन उघडला की आधी कार्यकारिणीचा ग्रुप. आमची संघटना सार्वजनिक आरोग्यात संशोधन करणाऱ्यांची, सभासद देशभर. त्यामुळे रात्री उशिरा गुवाहाटीहून आलेला प्रश्न आणि पहाटे तिरुवनंतपुरमहून आलेलं उत्तर एकाखाली एक. बाकी मजकूर वाढदिवसांचा. त्यातून कामाचे निरोप वेचायचे: वार्षिक परिषदेचं सभागृह बदलावं लागणार, आणि खजिनदारांना तातडीने बोलायचंय. खजिनदारांचं सगळं तातडीचंच असतं.

पावणेनऊ. पगाराची नोकरी वेगळी. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात पीएसएमचा, म्हणजे रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्राचा, प्राध्यापक. यंत्रासमोर चेहरा दाखवून हजेरी, मग दुसऱ्या वर्षाचं लेक्चर. १९५६ सालची इंडियन पब्लिक हेल्थ असोसिएशन घ्या किंवा १९७४ सालची आमच्या विषयाची संघटना आयएपीएसएम. या क्षेत्रातल्या संघटना पदाधिकाऱ्यांनी आपली नोकरी सांभाळूनच चालवल्या आहेत. आम्ही त्यांच्या मानाने लहान. आमचं मुख्य कार्यालय म्हणजे सचिवांच्या विभागातलं एक कपाट.

साडेअकरा. दिवसातलं खरं काम. परिषदेसाठी आलेल्या सारांशांपैकी वादाचे माझ्याकडे येतात. लेखकाचं नाव झाकलेलं असतं, पण पद्धती वाचली की माणूस कळतो. आजचा एक सर्पदंशावरचा. लिहिणारा नक्कीच आदिवासी भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातला वैद्यकीय अधिकारी. त्याने केंद्राची नोंदवही घेतली, मग आशाताई, पोलीस पाटील आणि ग्रामसेवकांना गाठून गावातले मृत्यू विचारले. भगताकडे नेलेले आणि वाटेतच गेलेले रुग्ण नोंदवहीत नव्हतेच. एका परीक्षकाचा शेरा: इंग्रजी कच्चं, सांख्यिकी चाचणी नाही, नाकारावा. दुसऱ्याचा: तोंडी सादरीकरणाला घ्यावा.

पहिल्या परीक्षकाचं एक खरं आहे. दर काढताना लोकसंख्या कुठली धरली, हे लिहिलेलं नाही. पण लिहिणार तरी काय? आपल्याकडे शेवटची जनगणना २०११ ची, पुढचीचा संदर्भदिनांक १ मार्च २०२७. मधल्या काळात तालुक्याचा भाजक म्हणजे अंदाज. हा दोष त्या डॉक्टरच्या माथी मारता येत नाही. सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणायचा राष्ट्रीय आराखडा २०२४ मध्ये आला. मुळात किती मरतात हे मोजणारं असं काम नाकारून तो पुरा कसा होणार?

महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रुग्णांची बारकाईने निरीक्षणं केली, आणि १९८२ मध्ये त्यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला. तेव्हा त्यांच्या पाठीशी कुठला संशोधन विभाग नव्हता.

अध्यक्षाला गुण वाढवायचा अधिकार नाही, असूही नये. सारांश तिसऱ्या परीक्षकाकडे पाठवला. लेखकाला सचिवांमार्फत निरोप: भाजक कुठून घेतला ते लिहा, इंग्रजी आम्ही बघून देऊ.

दीड. डबा. विभागातली पीजीची विद्यार्थिनी दारात उभी. “सर, थिसिसवर सही हवी होती.” “टेबलवर ठेव, जेवून करतो.”

तीन. खजिनदार, फोनवर. “सर, बाळांच्या खाण्याची कंपनी आहे. सभागृहाचं अर्धं भाडं द्यायला तयार. नुसता स्टॉल मागतायत, जाहिरात नाही.”

“अहो, कायद्यातच बसत नाही.”

“सगळीकडे चालतं हो.”

चालत असेल. पण बाळांच्या दुधाच्या पर्यायांबाबतचा १९९२ चा कायदा, २००३ मध्ये आणखी कडक झालेला, सरळ सांगतो की अशा उत्पादकांनी आरोग्यसेवकांच्या संघटनेला परिषदेसाठी पैसे देऊ नयेत. त्यांनी देऊ नयेत, म्हणजे आपण हात पुढे करू नये. उद्घाटनाला स्तनपानावर व्याख्यान आणि बाहेर डब्यांचा स्टॉल, हे मला तरी बघवणार नाही. खजिनदारांचीही अडचण खरी आहे. भाडं कुठून तरी यायलाच हवं. म्हटलं, रात्रीच्या बैठकीत घेऊ.

पाचला शहरी आरोग्य केंद्रात इंटर्नच्या कामाची पाहणी. विशेष काही नाही.

रात्री ९. कार्यकारिणीची ऑनलाइन बैठक. सगळे नोकरदार, दिवसा कुणी सापडत नाही. जनगणनेचे तालुकावार आकडे लवकर खुले करावेत, या पत्राला पाच मिनिटांत मंजुरी. पुढचा तास शालींवर. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्हं, मान्यवरांची स्वागतं यांवर होणारा खर्च कापून भाडं भागवायचं, आणि उरेल त्यातून आरोग्य केंद्रांत, लहान संस्थांत काम करणाऱ्यांची नोंदणी मोफत करायची, असा माझा प्रस्ताव. एक माजी अध्यक्ष दुखावले. “पाहुणे काय म्हणतील?” पाहुणे काहीही म्हणत नाहीत; त्यांच्या घरी अशा शाली बोहारणीला देण्याइतक्या साठलेल्या असतात. खरा प्रश्न वेळेचा आहे. उद्घाटन दीड तास लांबलं की त्याची भरपाई तरुणांच्या सत्रातून होते. वर्षभर उन्हातान्हात फिरून गोळा केलेलं काम मांडायला मिळणारी सात मिनिटं मग चारवर येतात, आणि अध्यक्षस्थानी बसलेले प्रोफेसर घंटी वाजवतात. माझ्या मते संघटनेची किंमत त्या सात मिनिटांत आहे. व्यासपीठावर किती खुर्च्या मांडल्या, त्यात नाही.

मतदान झालं. कंपनीचे पैसे नकोत, एकमताने. शाली बंद, काठावरच्या बहुमताने; स्मृतिचिन्हं वाचली. पुढच्या वर्षी ती.

साडेदहा. सचिवांनी इतिवृत्त पाठवलं, वाचून परत केलं.

सारांश पाठवायची मुदत महिनाअखेरपर्यंत वाढवली आहे. तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या डॉक्टरांनो, परिचारिकांनो, तुमच्या नोंदवहीत काही वेगळं दिसत असेल तर लिहून पाठवा. मराठीत लिहिलंत तरी चालेल. इंग्रजी आम्ही करून घेऊ. कोणत्या लोकसंख्येवरून दर काढला, तेवढं मात्र आठवणीने लिहा.