डाग ओळखा, मग पदार्थ निवडा : स्वयंपाकघरातल्या वस्तूंनी घराची स्वच्छता



दिवाळीची साफसफाई असो की रोजची झाडलोट, प्रत्येक कामाला वेगळी बाटली हवी असं आपल्याला वाटू लागलं आहे. भांड्यांना एक, फरशीला दुसरी, काचेला तिसरी, संडासाला चौथी. आपल्या आजीकडे यातलं काहीच नव्हतं. चिंच, राख, रिठे आणि नारळाची शेंडी एवढ्यावर तिची भांडी लख्ख असायची. कारण कोणत्या डागाला काय लागतं, हे तिला अनुभवानं पक्कं ठाऊक होतं.

हल्ली मोबाइलवर उपाय खूप मिळतात. लिंबू, सोडा, व्हिनेगर, मीठ सगळं एकत्र करा आणि कमाल बघा, असं सांगतात. पण यातले काही उपाय निरुपयोगी असतात, काही फरशी खराब करतात, आणि काही तर बाटलीतल्या रसायनाबरोबर वापरले की जिवावर बेततात. म्हणून कृतींच्या आधी त्यामागचं साधं विज्ञान समजून घेऊया.

आंबट पदार्थ : क्षार आणि गंजासाठी

नळावर, बादलीला, गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तो बोअरच्या जड पाण्यातला क्षार असतो. त्यात मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असतं. साबणानं तो कितीही घासा, निघत नाही. आम्लात मात्र तो विरघळतो.

- नळाच्या तोटीला व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेवा. मग जुन्या टूथब्रशनं घासून धुवा. खाण्याच्या व्हिनेगरमध्ये साधारण 4 ते 5 टक्के ॲसेटिक आम्ल असतं, तेवढं पुरतं.
- तांब्या-पितळेची भांडी काळपट पडतात, कारण धातूवर ऑक्साइडचा थर बसतो. चिंचेतलं टार्टारिक आम्ल किंवा लिंबातलं सायट्रिक आम्ल तो थर विरघळवतं. चिंच, आमसूल, आंबट ताक, पिळून झालेली लिंबाची साल, घरात असेल ते घ्या. चिमूटभर मीठ लावून चोळा, लगेच धुवा आणि कोरडं पुसा. ओलं राहिलं तर पुन्हा डाग पडतात.
- ॲल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडला, तर पाण्यात लिंबाच्या साली किंवा चिंच घालून दहा मिनिटं झाकण न लावता उकळा.

सोडा : तेलकट चिकट्यासाठी

शेगडीमागच्या टाइल्स, फोडणीचे डाग, तेलाच्या बरणीचा चिकटपणा. इथे लिंबाचा फारसा उपयोग नाही. इथे आम्लारी पदार्थ लागतो. गरम पाण्यात तेलाशी त्याची क्रिया होऊन थोडा साबणच तयार होतो आणि चिकटा सुटतो.

घरात दोन प्रकारचे सोडे असतात, त्यांची गल्लत करू नका. खायचा सोडा सौम्य असतो. त्याची पेस्ट ओट्यावर, फ्रिजच्या आत, चहाचे डाग पडलेल्या कपांवर चालते. धुण्याचा सोडा तीव्र असतो. एक लीटर गरम पाण्यात दोन चमचे घालून टाइल्स पुसता येतात, पण हातमोजे घालूनच. आणि धुण्याचा सोडा ॲल्युमिनियमच्या भांड्यांना लावू नका, ती काळी पडतात.

चुलीची राख हेच काम करायची. लाकडाची राख आम्लारी असते, आणि बारीक खरखरीत असल्यानं घासायलाही मदत होते. आजही ज्यांच्याकडे चूल आहे त्यांनी ती चाळून वापरावी.

रिठा : साध्या धुळीमळासाठी

रिठ्यात सॅपोनिन असतं, त्यामुळे फेस येतो आणि मळ सुटतो. आठ-दहा रिठ्यांच्या साली रात्रभर भिजवा, सकाळी उकळून गाळा. हे पाणी रेशमी आणि लोकरीच्या कपड्यांसाठी उत्तम, फरशी पुसायलाही चालतं. डोळ्यांत गेलं तर मात्र फार झोंबतं, मुलांना सांभाळा.

फेस आला म्हणजे स्वच्छ झालं का?

खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र केले की जोरदार फेस येतो. मुलांना प्रयोग म्हणून दाखवायला छान! पण सफाईचं काय? आम्ल आणि आम्लारी एकमेकांची ताकद संपवतात. कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे जवळजवळ खारट पाणीच उरतं. दोन्ही पदार्थ वाया. वापरायचेच असतील तर एक वापरा, पाण्यानं धुवा, मग दुसरा.

तुमची फरशी कशाची आहे?

हा प्रश्न व्हिडिओत कुणी विचारत नाही. शहाबादी, कडप्पा आणि कोटा फरशी हे चुनखडीचे दगड आहेत, आणि संगमरवर म्हणजेही कॅल्शियम कार्बोनेटच. म्हणजे नळावरचा क्षार ज्या आम्लात विरघळतो, त्याच आम्लात ही फरशीसुद्धा विरघळते! लिंबू किंवा व्हिनेगर पडलं की तिथली चकाकी जाते आणि पांढुरका डाग कायमचा राहतो. मोझॅकच्या लादीचंही तेच. अशा फरशीला साधं पाणी, रिठ्याचं पाणी किंवा थोडा सौम्य साबण पुरेसा आहे. सिरॅमिक टाइल्सना व्हिनेगरचं पातळ पाणी चालतं.

हे मात्र कधीच करू नका

संडास साफ करायच्या बहुतेक ॲसिडच्या बाटल्यांत हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ते आणि ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. 1915 साली पहिल्या महायुद्धात हाच वायू बेल्जियममध्ये शस्त्र म्हणून वापरला गेला होता. आपली न्हाणीघरं लहान, खिडकी इवलीशी, त्यात दार लावून सफाई चाललेली. म्हणजे धोका किती, विचार करा. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा लिंबू घातलं तरी हा वायू तयार होतो. "घरगुती आहे, काय होतंय" असं म्हणू नका.

दुसरी गोष्ट, कोणतंही द्रावण कोल्ड्रिंकच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. तहानलेलं मूल बाटलीचा आकार बघतं, आतलं नाही. बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव लिहा आणि उंचावर ठेवा.

आणि हेही लक्षात असू द्या की लिंबू-सोड्यानं स्वच्छता होते, पण खात्रीचं निर्जंतुकीकरण होत नाही. घरात कुणाला उलट्या-जुलाब होत असतील, तर आधी साबण-पाण्यानं धुवा, मग पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे ब्लीचिंग पावडरचं पाणी वापरा. तिथे पर्यावरणपूरकतेचा हट्ट नको.

याचा पर्यावरणाशी काय संबंध?

मोरीतून गेलेलं पाणी शेवटी ओढ्याला, नदीला मिळतं. पुण्याच्या मुळा-मुठेवर आणि कोल्हापूरच्या पंचगंगेवर जलपर्णीचा हिरवा गालिचा आपण बघतो. सांडपाण्यातलं फॉस्फेट आणि नायट्रोजन हे तिचं खत आहे, आणि कपडे धुण्याच्या काही पावडरींत फॉस्फेट असतं. आपल्या एका घरानं नदी स्वच्छ होणार नाही, हे खरं. पण बाटल्या कमी लागल्या तर प्लास्टिक आणि पैसे दोन्ही वाचतात, आणि वासानं खोकला येणाऱ्या मुलांना आराम मिळतो.

वर्गात आणि घरी करून बघा

वरणाचा पिवळा डाग साबण लावला की लाल होतो, हे मुलांनी पाहिलेलं असतं. का होतो, हे मात्र कुणी सांगितलेलं नसतं. हळद हा नैसर्गिक दर्शक आहे, आम्लारी पदार्थात ती लाल होते. टीपकागद हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवा आणि पट्ट्या कापा. सोड्याचं पाणी, साबणाचं पाणी, लिंबाचा रस, चिंचेचं पाणी यांचा एकेक थेंब टाकायला सांगा. कुठे लाल झालं, कुठे पिवळंच राहिलं, याचा तक्ता मुलं स्वतः बनवतील. ॲसिड आणि ब्लीच या खेळात अजिबात आणू नका.

मग मुलांना विचारा, "नळावरचा पांढरा थर काढायला यातलं काय घ्याल? आणि तेलकट टाइलला काय?" ज्या मुलाला याचं उत्तर कारणासह देता येतं, ते मूल उद्या मोबाइलवरचा कुठलाही उपाय बघून आधी "का?" असं विचारेल. आणि हो, घरकाम हे फक्त आईचं नाही, हेही याच तासाला सांगून टाका!