अर्धशिशी आणि आहाराची रोजकीर्द

अर्धशिशी ही व्याधी नवी नव्हे. चरकसंहितेत तिला ‘अर्धावभेदक’ असे नाव असून रूक्ष अन्न आणि पहिले जेवण पचण्यापूर्वी पुन्हा जेवणे, यांची गणना तिच्या कारणांत केलेली आहे. तेव्हा अन्नाचा व डोकेदुखीचा संबंध आहे, ही समजूत निराधार नाही. परंतु डोके दुखले की एखाद्या पदार्थावर ठपका ठेवून तो घरातून हद्दपार करावयाचा, ही घाई मात्र इष्ट नव्हे.

१९६७ साली मुरवलेल्या चीजमधील टायरामीन या द्रव्याकडे डॉक्टरांचे लक्ष वेधले गेले. चॉकलेट, मद्य, आजिनोमोटो यांचीही नावे घेतली जातात. तथापि पुढील प्रयोगांत सर्वांना सारखाच अनुभव आला नाही. शिवाय अर्धशिशीचा झटका दुखण्याच्या आदल्या दिवशीच सुरू झालेला असू शकतो. त्या वेळी जांभया येतात, चिडचिड होते आणि कित्येकांना गोड खावेसे वाटते. मनुष्य पेढा खातो, दुसऱ्या दिवशी डोके उठते आणि दोष पेढ्याच्या माथी येतो! जमेची रक्कम नावे टाकावी, तसाच हा प्रकार होय.

आमच्या पांडेसऱ्यात कापडावर प्रक्रिया करणारे कारखाने रात्रंदिवस चालतात. कामगार असो वा दुकानदार, जेवणाची वेळ टळते आणि भूक चहावर मारली जाते. आठ तासांहून अधिक काळ पोट रिकामे राहिल्यास अनेकांचे डोके दुखते. अर्धशिशीवाल्यांना तर हे फार बाधते. म्हणून काय खाल्ले याबरोबरच केव्हा खाल्ले नाही, हेही पाहावे.

पर्युषणातील उपवास सुमारे ३६ तासांचा असतो. नित्य चहा घेणाऱ्याने तो एकाएकी सोडला, तर १२ ते २४ तासांत डोके दुखू लागते आणि हा त्रास २ ते ९ दिवस राहू शकतो. म्हणजे उपवासाच्या नावे मांडलेल्या दुखण्यातील काही भाग वस्तुतः चहाचा असतो. यास्तव आठ-दहा दिवस आधीपासून चहा अर्धा अर्धा कप कमी करीत जावा. मधुमेही, गर्भवती व नित्य औषध घेणाऱ्यांनी उपवासापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

दुखणे थांबविण्याच्या गोळ्यांचाही हिशेब हवा. साध्या गोळ्या महिन्यात १५ दिवस वा अधिक, याप्रमाणे तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्यास त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी जडू शकते.

आपण व्यापारी मंडळी पैशाची रोजकीर्द लिहितो. तशीच डोक्याचीही लिहावी. तारीख, झोप, जेवणाच्या वेळा, चहाचे कप, घेतलेल्या गोळ्या, दुखू लागल्याची वेळ आणि स्त्रियांनी मासिक पाळीचे दिवस, एवढे दोन महिने टिपावे. एखादा पदार्थ वारंवार संशयास्पद आढळल्यास तेवढाच काही आठवडे सोडून पाहावा व पुन्हा खाऊन पडताळा घ्यावा. एकदम दहा पदार्थ सोडल्यास दोषी कोण ते कळत नाही आणि मुलांचे पोषण तेवढे घटते.

एक गोष्ट मात्र वहीवर सोडू नये. अकस्मात असह्य डोकेदुखी, तापासह मान ताठणे, बोबडी वळणे, हातपाय लुळा पडणे, दृष्टी जाणे किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेले दुखणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अशा वेळी पदार्थाचा शोध घेत बसणे जिवावर बेतू शकते.